शेपटाची गाठ

हौसाबाईच्या पाळणाघराला पाटी नव्हती. पाटी लागते ती ज्याला कोणी ओळखत नाही त्याला. ठाकुर्ली स्टेशनाबाहेर काल गाडी लावलेल्या भाजीवाल्याला विचारलं, "हौसाबाईकडं कसं जायचं?" तरी तो उलट विचारी, "पोर सोडायला, का न्यायला?"

चाळीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या आणि पुढची पडवी, एवढ्यात बावीस पोरं. ऐकणाऱ्याला वाटेल, कोंडवाडा असेल. येऊन बघावं मग बोलावं. कुणी कुठं बसायचं, कुणी कुणाशेजारी निजायचं, कुणाला वरणभात आणि कुणाला नुसता ताकभात, ही घडी हौसाबाईनं अशी बसवली होती की एकाच्या रडण्यानं दुसरं जागं होत नसे. आणि दोन खोल्या म्हणजे काही दोनच खोल्या नव्हेत. शेजारची कलावती दुपारी हाताखाली यायची. कोपऱ्यावर पोपटची पिठाची गिरणी, तिच्या ओट्यावर थंडीत पोरं उन्हाला बसायची. सगळी चाळ मिळून ती पोरं सांभाळत होती, फक्त बोलणी खायला हौसाबाई एकटी पुढं असायची. म्हणजे खायला नव्हे, घालायला.

नवरा महिपत मोहन्याला कारखान्यात होता. तो एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला, तेव्हा पदरात दोन मुली. हौसाबाईनं कुणाच्या दारात हात पसरला नाही. शेजारणीचं पोर सांभाळायला घेतलं, त्यापाठोपाठ दुसरं, तिसरं. मुली उजवल्या, खोली दुरुस्त केली, भावकीनं नाव ठेवावं असं काही शिल्लक ठेवलं नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण जिभेला धार लावायला कुणाची शाळा लागत नाही. न्यायला उशीर झालेल्या आईला ती पायरीवरच गाठी, "काय गं उत्तरा, साहेबानं दत्तक घेतलं काय तुला? पोरगं दाराकडं बघून बघून माझंच आडनाव लावाय लागलं."

पोरांना समोरच्या मैदानावर न्यायचं तर मधे मोठा रस्ता. त्यासाठी हौसाबाईची एक रीत होती. सासूचं हिरवं नऊवारी लुगडं तिनं पिळून घेतलं होतं आणि त्याला वीत-दीडवीत अंतरानं गाठी मारल्या होत्या. एका गाठीला एक पोर. पुढचं टोक हौसाबाईच्या मनगटाला. नवं पोर आलं की नवी गाठ, पोर शाळेत गेलं की त्याची गाठ दुसऱ्याला. गाठ सोडली त्याला त्या दिवशी गूळ नाही, एवढी एकच शिक्षा. आणि अगदी शेवटची, ती शेपटाची गाठ. ती धरणाऱ्यानं पुढच्या सगळ्यांवर नजर ठेवायची, कुणी सुटलं तर ओरडायचं. शेपटाला पोर भरवशाचं असलं की पुढच्याला मागं वळून बघावं लागत नाही.

ती गाठ प्रफुल्लची होती.

प्रफुल्लची आई शांताबाई कळव्याला दवाखान्यात आया होती. दिवसपाळी, रात्रपाळी, कधी दोन्ही लागोपाठ. त्यामुळं प्रफुल्ल बाकीच्यांसारखा संध्याकाळी घरी जाणारा नव्हता. कितीतरी रात्री तो हौसाबाईच्या पांघरुणात निजला. गोवर आला तेव्हा कडुलिंबाच्या पाल्यावर तिनं निजवला. एकदा त्यानं चेंडू मारून गिरणीची काच फोडली. पोपटचा बाप लाल होऊन आला, तर पोरगं कान लाल करून पायाच्या अंगठ्याकडं बघत उभं. हौसाबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "माझीच अक्कल. झाडू उलटा लागला." काच भरून दिली. प्रफुल्ल शेपटाला असताना ती रस्ता ओलांडताना एकदाही मागं वळली नाही. तो मोठ्या शाळेत गेल्यावर ती गाठ तिनं दुसऱ्या पोराला दिली नाही. मागं कलावती चालायची, ती धरायची. कुणी विचारलं तर म्हणे, "त्या गाठीच्या लायकीचं पोर अजून आलं नाही."

तो प्रफुल्ल यंदा फाल्गुनात मोटारीतून आला.

"मावशी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? पुढं पोट आलंय, मागं तूच हायस. बूट बाहेर काढ."

त्यानं बूट काढले, पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसला, वरणभात खाल्ला, वर ताक मागून घेतलं. हौसाबाईच्या जिवाला असं सुख झालं की कलावतीला तिनं उगाच दोनदा हाक मारली, नुसतं बघायला ये म्हणून. पोरगा मोठ्या संस्थेत होता. सरकारला अभ्यास करून देणारी संस्था. काय अभ्यास ते तिला कळलं नाही, पण सरकारला अभ्यास करून द्यावा लागतो म्हणजे सरकारपेक्षा हुशारच असणार, असं तिनं चाळीला सांगितलं.

जाताना प्रफुल्ल हळूच म्हणाला, "मावशी, पाळणाघरांसाठी नवा नियम यायचाय. मी आमच्या माणसांना घेऊन येईन बुधवारी. बघायला. तुमचंच घर मी सुचवलंय."

"बरं केलंस. बघू देत की."

"तसं नाही." त्यानं पडवीभर नजर फिरवली. "इतकी गर्दी दिसली तर बरं दिसणार नाही. सातआठ मुलं ठेवा. बाकीची शेजारी. आणि ती कलावतीमावशींची प्रीती बारावी झालीय ना? तिला मुलांजवळ बसवा. तुम्ही जरा बाजूला. छान दिसेल. तुमचं नाव चांगल्यात जाईल."

आपलं घर परक्याला दाखवायचं तर उणं झाकून दाखवायचं, हे काय हौसाबाईला शिकवावं लागतं? पाहुणा यायचा म्हटलं की फाटकी चादर आत आणि नवी चादर वर, ह्यातच तिची सगळी हयात गेली. त्यात सांगणारा प्रफुल्ल. तिनं चाळ कामाला लावली. चौदा पोरं वाटून टाकली. काही कलावतीकडं, काही माडीवर, उरलेली पोपटच्या गिरणीत. पोपट म्हणाला, "मावशी, दळण करू का पोरं सांभाळू?"

"दोन्ही कर. एवढा मोठा नंदीबैल हायस, दोन शिंगं कशाला दिली देवानं?"

बुधवारी प्रफुल्ल आला, संगं कॅमेरा घेतलेली एक पोरगी आणि कागद घेतलेला एक चष्मेवाला. घर धुतलेलं, आठ पोरं तेल लावून बसवलेली, मधे प्रीती हातात चित्राचं पुस्तक धरून. हौसाबाई मोरीपाशी उभी, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी. चष्मेवाल्यानं टेप लावून खोली मोजली, पोरं मोजली, मान हलवली. तेवढ्यात दारात उत्तराचा आर्यन उभा. गिरणीतनं निसटलेला, डोक्यापासून पायापर्यंत पीठ, नुसते डोळे काळे.

"आजी," तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "सायब गेले का?"

हौसाबाई पदर सावरत दाराकडं धावली. पण प्रफुल्ल पुढं झाला. खिशातनं रुमाल काढला, पोराचं तोंड पुसलं आणि कानात म्हणाला, "अजून नाही गेले. पळ." मग चष्मेवाल्याकडं वळून हसला, "शेजारचा दिसतोय." आणि तिच्याकडं बघून त्यानं असा डोळा मिचकावला, की हौसाबाईला वाटलं, काच फुटली ती आज फिटली.

फोटो काढताना कलावती खिडकीवरचं गाठींचं लुगडं काढायला लागली, तर प्रफुल्लच म्हणाला, "राहू द्या ते. छान दिसतंय."

पाहुणे गेले. पोरं परत आली, गिरणीतली धुवून घ्यावी लागली. हौसाबाईनं सगळ्यांना गूळ वाटला.

पुढं महिनाभरानं उत्तरा पोराला न्यायला आली ती तोंड उतरवून. उत्तरा ठाण्याला एका वकिलाकडं टायपिंग करायची, कायद्याच्या गोष्टी तिच्या कानावर पडायच्या.

"मावशी, त्या बुधवारी माणसं आलेली, ती कशाला आलेली म्हणाला प्रफुल्ल?"

"घर बघायला. आपलं नाव चांगल्यात घालायला."

उत्तरा खालीच बसली. "नियम काय आहे माहितेय का? एका मुलामागं एवढी एवढी जागा. मुलांना वेगळं न्हाणीघर. सांभाळणारी बाई बारावी शिकलेली. नाहीतर बंद."

"मी चौथी," हौसाबाई म्हणाली. "माझ्या हाताखालची इंजिनेर झाली, त्यांचं काय, परत लहान करणार?"

"ऐका तर. नियम अजून लागलेला नाही. लागायच्या आधी आमदारांची एक समिती बघते, की ह्या नियमानं लोकांना किती भुर्दंड बसेल. लई बसत असेल तर नियम परत पाठवतात, बदला म्हणतात. तो भुर्दंड मोजायचं काम प्रफुल्लच्या संस्थेला दिलेलं. ते तुमचं घर तपासायला आले नव्हते, मावशी. तुमचे हाल मोजायला आलेले. आणि आपण हाल झाकून ठेवले."

उत्तरानं फोन पुढं केला. त्यावर तिचंच घर होतं, धुतलेलं, आठ पोरांचं. खाली दोन ओळी. उत्तरानं वाचल्या, "नमुना पाळणाघर, ठाकुर्ली. येथे नियम आजच पाळला जात आहे. नियमामुळे येणारा खर्च, काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही. म्हणजे सगळ्या जिल्ह्यातल्या बायांना काही त्रास नाही, कारण हौसाबाईला नाही."

कुणी दुसरी असती तर तिथंच प्रफुल्लच्या नावानं बोटं मोडली असती. हौसाबाईनं उत्तरालाच झापलं. "पोराचा घोळ झाला आसंल. त्याला काय म्हायत, समितीला काय पायजे? मी सांगते त्याला. बदलून टाकेल." आपलं माणूस चुकलं म्हणजे घोळ, दुसऱ्याचं चुकलं म्हणजे लबाडी. हा हिशेब सगळ्यांच्याच घरी चालतो.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी लावला, तर कुणीतरी कापला. शांताबाईला लावला. शांताबाई आता पोराकडंच राहायची, पलावाच्या बाजूला उंच इमारतीत. ती म्हणाली, "हौसाताई, तो मीटिंगात असतो गं. सांगते मी." पण तिचा आवाज असा, जसा दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकाला डॉक्टर येतील म्हणून सांगताना असायचा.

सुनावणी ठाण्याला होती, कलेक्टर कचेरीच्या आवारातल्या हॉलात. ज्याला बोलायचंय त्यानं यावं, असं पेपरात आलेलं. हौसाबाई इरकल नेसली, नाकात नथ नाही पण मोत्याची कुडी घातली, पोरं कलावतीवर सोपवली आणि उत्तराला घेऊन गेली. वाटेत एकदाच बोलली, "प्रफुल्ल आसंल तिथं. मला बघितलं की स्वतःच सांगेल बघ."

प्रफुल्ल होता. गळ्यात पट्टा, हातात ते लाल ठिपका मारायचं यंत्र. त्यानं हौसाबाईला बघितलं. बघितलं आणि नजर खाली कागदात घातली. तरी तिला वाटलं, काम चालू आहे, पोरगा कामात आहे.

वर टेबलामागं पाच आमदार. मधे बसलेली अध्यक्षबाई वयानं हौसाबाईहून लहान, पण चष्म्यावरनं बघायची तऱ्हा सासूची. प्रफुल्ल उभा राहिला. मागच्या पडद्यावर एवढं मोठं हौसाबाईचं घर आलं, की मोरीवरची घासणीसुद्धा दिसत होती. प्रफुल्ल गोड आवाजात बोलत होता. जागा पुरेशी. शिकलेली सेविका. तळमजला. "नियमाचा बोजा पडतो ही भीती निराधार आहे. या नमुन्यात अतिरिक्त खर्च शून्य."

बाजूच्या खुर्च्यांवर डोंबिवली, कल्याण, कळव्याच्या पाळणाघरवाल्या बायका बसलेल्या. त्यातली एक पुटपुटली, "ही कोण टिकोजीराव, हिला काहीच लागत नाही ते?" हौसाबाईनं ऐकलं. आजवर तिच्या घराचं कुणी वाईट बोललं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्यांची उजळणी घेतली असती. आज तिचं घर चांगलं म्हणून शिव्या खात होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

हौसाबाई उठली. गुडघा वाजला तो माईकशिवाय ऐकू गेला असेल.

"ते घर माझं हाय."

अध्यक्षबाई हसल्या. "छान ठेवलंय, आजी."

"छानच हाय. पण खोटं हाय." तिनं बोट पडद्याकडं केलं. "खिडकीला ते हिरवं दिसतंय न्हवं, ते लुगडं. त्याला गाठी हायत. एका गाठीला एक पोर, रस्ता वलांडायला. त्या मोजा."

कुणीतरी मागं हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी चित्र मोठं करायला सांगितलं. लुगडं पडद्यावर वर चढलं, हिरवं, धुवून धुवून विटलेलं. एक बाबू उभा राहून मोजायला लागला. चौदापर्यंत मोजून झालं आणि लुगडं चित्राच्या चौकटीबाहेर गेलं.

"इथं तर आठच मुलं आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाकीची?"

"शेजारी ठेवलेली. काही गिरणीत."

"गिरणीत! का? असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

हौसाबाईनं प्रफुल्लकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. नजर पायाच्या अंगठ्याकडं. तोच प्रफुल्ल, चड्डीतला, काच फोडून उभा. नोकरी जाईल पोराची. शांताबाईचं म्हातारपण. आणि तिच्या ओठावर जुनं वाक्य आपोआप आलं, माझीच अक्कल. ती तेच म्हणणार होती. तोंड उघडलं होतं.

पण प्रफुल्ल आधी बोलला.

"मॅडम, या बाईंनी आमच्या टीमची दिशाभूल केलेली दिसते. आम्हाला जे दाखवलं गेलं, ते आम्ही नोंदवलं. मुलं लपवलीत याची आम्हाला काहीच कल्पना नव्हती."

या बाई.

हौसाबाईचं तोंड उघडंच राहिलं होतं, ते तिनं मिटलं. ओठावरचं वाक्य गिळलं. एवढ्या लोकांत डोळ्याला पदर लावायचा नाही म्हणून तिनं पदर कमरेला खोचला.

"बरोबर बोलले सायब," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी दाखवलं, ह्यांनी बघितलं. माझी चूक मला मान्य. पण एक पोर पिठानं माखून आलेलं, सायब गेले का म्हणून इचारत. त्याचं तोंड ह्यांनी आपल्या रुमालानं पुसलं. ते कुणाचं म्हणून पुसलं, तेवढं इचारा."

अध्यक्षबाईंनी प्रफुल्लकडं बघितलं. तो कागद उलटत राहिला. कागदात रुमालाचं काही नव्हतं.

"आजी," अध्यक्षबाई म्हणाल्या, "नियम आला तर तुम्हाला खर्च किती येईल?"

"आकडे मला येत न्हाईत. माझ्याकडं नर्स हाय, कंडक्टरीण हाय, ही उत्तरा हाय, लोकांची भांडी घासणाऱ्या पाच जणी हायत. त्यांची पोरं माझ्याकडं हायत म्हणून त्या कामावर हायत. मोठी जागा घेतली तर भाडं मी त्यांच्याकडनंच घेणार, का झाडाला लागतं? त्यांना ते झेपायचं न्हाई. त्या घरी बसतील. मी तर म्हातारी, मी बसले तरी चालंल. मोजायचं तर त्यांचं मोजा. माझं घर मोजून काय मिळणार?" आणि पुढं म्हणाली, "पोरांना जागा जास्त असावी हे मलाबी कळतं. मी काय पोरांची वैरीण न्हाई. पण जागा द्यायची तर द्या. नुसतं आणा म्हणू नका."

बाजूच्या खुर्च्यांतून टाळ्या वाजल्या. मघाशी टिकोजीराव म्हणालेली बाई सगळ्यात जोरात वाजवत होती. हौसाबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिला अजून तेच ऐकू येत होतं, दोन शब्द.

समितीनं सांगितलं, हा नमुना रद्द. मोजणी दुसऱ्यांकडून पुन्हा करा. आणि हौसाबाई साळुंखे यांनी मुलं का लपवली याचा लेखी खुलासा द्यावा. खुलासा एकट्या तिचाच मागितला. रुमालाचा कुणी मागितला नाही.

बाहेर जिन्यापाशी प्रफुल्ल मागून धावत आला. उत्तरा पुढं होऊन काही बोलणार, तर हौसाबाईनं तिला हातानं मागं सारलं.

"मावशी, तुम्ही सगळ्यांसमोर..."

"कोण मावशी? आत तर या बाई होत्या."

"मावशी, ऐका ना. पहिल्यांदा एवढं मोठं काम मिळालेलं मला. वरून सांगितलेलं, नियम सोपा दिसायला पाहिजे. मला वाटलं तुम्हाला काय, तुम्ही आता थकलात. तसंही दोन-चार वर्षांत बंदच करणार."

"तुझ्या आईलाबी असंच न इचारता थकलेली ठरवलंस का रं?"

त्यानं गळ्यातला पट्टा काढून खिशात कोंबला. मग एकदम बोलला, लहानपणी खरं बोलताना बोलायचा तसा, भराभर. "खरं घर दाखवलं असतं तर ऑफिसातले म्हणाले असते, असल्या ठिकाणी मुलं ठेवतात लोक. आणि मी... मी कधी सांगितलेलं नाही कुणाला, मी कुठं वाढलो ते."

जिन्यावरनं माणसं वरखाली करत होती. हौसाबाईनं कठडा धरला. ह्यावर तिला बोलता आलं असतं. पुष्कळ बोलता आलं असतं. पण तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"मग ते लुगडं राहू द्या म्हणालास ते कशाला? त्यानंच तर पकडलं तुला. तुला गाठी दिसल्या न्हाईत?"

प्रफुल्ल तिच्याकडं बघत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"छान दिसत होतं म्हणून. जुनं, पारंपरिक..." मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "हां. धरून जायचो आपण. विसरलेलो, मावशी."

खोटं बोलला ते तिनं आतल्या आत कुठंतरी सोसलं असतं. पोटासाठी माणूस खोटं बोलतं. लाज वाटली, तेही एकवेळ सोसलं असतं, शिकलेल्याला लाज वाटते. पण विसरला. एवढी वर्षं शेपटाला चालला आणि विसरला. तिनं ती गाठ त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती, आणि ज्याच्यासाठी ठेवली त्याला ते लुगडं फोटोत शोभेचं दिसलं.

"जा," ती म्हणाली. "सायब वाट बघत असतील."

रिक्षात उत्तरा म्हणाली, "मावशी, खुलाशात मी सगळं टाईप करते. त्याचं नाव घालूनच."

"नको. माझी पोरं मी लपवली, तेवढंच लिही. सही मी करीन, अंगठा न्हाई."

"अजून वाचवताय त्याला?"

"वाचवत न्हाई. माझ्या कागदात त्याचं नाव कशाला?"

गोष्ट चाळीत पोचायला रिक्षा पोचायची वाट बघावी लागली नाही. गिरणीत पोरं कोंडलेली, असं कुणी पेपरात वाचलं, कुणी मोबाइलवर. पाच आयांनी पोरं काढून घेतली. त्यातली एक लाजत म्हणाली, "मावशी, माझ्या नवऱ्याला पीठ चालत नाही." हौसाबाई म्हणाली, "मग भाकरी कशाची खातो?" आणि पोराचा डबा, उशी, पावसाळी टोपी पिशवीत घालून दिली, वर गुळाचा खडा.

समितीची दुसरी माणसं येऊन मोजून गेली. ह्या वेळी कुणाला शेजारी पाठवलं नाही, जमीन धुतली नाही, मोरीपाशी हौसाबाई उभी राहिली नाही, मधोमध बसली. पण बावीस दाखवायची तर बावीस राहिली नव्हती. नियम अजून वर कुठंतरी लोंबकळतोय. येईल किंवा बदलून येईल. कल्याणच्या, कळव्याच्या बायका फोन करतात, मावशी तुमच्यामुळं थांबलं म्हणतात. हौसाबाई बरं म्हणते आणि फोन ठेवते.

त्या सुनावणीनंतर मैदानावर जायचा तो पहिला दिवस होता. हौसाबाईनं लुगडं काढलं, पुढचं टोक मनगटाला बांधलं. पोरं आपापल्या गाठीला लागली. मधल्या पाच गाठी रिकाम्या लोंबत होत्या. कलावती नेहमीसारखी मागं गेली आणि तिनं शेपटाची गाठ हातात घेतली.

"तू नको," हौसाबाई म्हणाली. "आर्यनला दे."

"आर्यनला? अहो, तो गिरणीतनं सुद्धा पळाला! आणि ही प्रफुल्लची न्हवं?"

"प्रफुल्लची कशाची? सुताची हाय. दे त्याला."

आर्यन छाती काढून मागं गेला. दोन्ही हातांनी गाठ धरली.

"सोडायची न्हाई."

"नाय सोडणार, आजी."

"सगळी असंच म्हणतात," हौसाबाई म्हणाली आणि रस्त्याकडं वळली.

पोरं रांगेनं निघाली. चार पावलं टाकली आणि हौसाबाईनं मागं वळून बघितलं. आणखी चार पावलं, पुन्हा बघितलं. गाड्या थांबल्या होत्या, एकजण हॉर्न वाजवत होता. पूर्वी असल्याला तिनं तिथल्या तिथं सरळ केलं असतं. आता तिचं लक्षच नव्हतं. रस्ता संपेपर्यंत ती मागंच बघत होती.